‘थापाड्या बॅरन’चे चरित्र : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अचाट थापांच्या कथांमुळे प्रसिद्ध झालेले जर्मन सरदार बॅरन म्युन्शहाउझेन यांचे चरित्र आमच्याकडे मागणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा ‘हा माणूस खरोखर होऊन गेला का?’ असाच असतो. होय, होऊन गेला. हिरोनिमस फॉन म्युन्शहाउझेन यांचा जन्म ११ मे १७२० रोजी जर्मनीतील वेझर नदीकाठच्या बोडेनवेर्डर येथे झाला. तरुणपणी ते रशियाच्या सैन्यात दाखल झाले आणि १७५० मध्ये बढती मिळाल्यानंतर गावी परतून जमीनजुमला सांभाळू लागले.

पाहुण्यांना शिकारीचे आणि मोहिमांचे किस्से रंगवून सांगण्यात त्यांचा हातखंडा होता. बर्फाखाली गाडलेल्या गावात खुंटा समजून घोडा बांधला आणि बर्फ वितळल्यावर तो चर्चच्या मनोऱ्याला लटकलेला दिसला, अशा धाटणीच्या कथा त्यांच्या नावावर आहेत. समोरच्याला फसवणे हा त्यांचा हेतू असावा असे आम्हांला वाटत नाही, कारण असल्या कथेवर कोणी विश्वास ठेवील अशी अपेक्षाच सांगणारा करत नाही.

बदनामी झाली ती छपाईमुळे. १७८१ मध्ये बर्लिनच्या एका विनोदी नियतकालिकात काही कथा त्यांच्या नावाची अर्धवट अक्षरे देऊन निनावी प्रसिद्ध झाल्या. पुढे १७८५ मध्ये रुडॉल्फ एरिश रास्प यांनी लंडनमध्ये या कथांचे इंग्रजी पुस्तक काढले, तेही स्वतःचे नाव न घालता. हे रास्प म्हणजे आपल्याच ताब्यातील राजसंग्रहातील नाणी व मौल्यवान वस्तू विकून जर्मनीतून पळालेले गृहस्थ. मात्र खोटारडेपणाचा शिक्का बसला तो बॅरनवर, आणि हा अन्याय आम्हांला फार बोचतो. १७८६ मध्ये कवी ब्युर्गर यांनी ते जर्मनमध्ये आणताना भरही घातली. स्वतःचीच वेणी ओढून घोड्यासह दलदलीतून बाहेर पडण्याची प्रसिद्ध कथा ब्युर्गर यांचीच आहे. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी बॅरन वारले, तोवर त्यांचे नाव थापेचा प्रतिशब्द झाले होते.

म्हणून चरित्र वाचताना प्रत्येक किस्सा सैन्याच्या किंवा घराण्याच्या नोंदींतून आला आहे की १७८१ नंतरच्या छापील कथांतून, हे ग्राहकांनी आवर्जून पाहावे. जे चरित्र हा उगम सांगत नाही, ते आम्ही ‘चरित्र’ म्हणून विकत नाही. त्याची नोंद आमच्या यादीत कथासंग्रहांमध्ये केलेली आढळेल.