खबर आणि पुरावा : इंग्लंडच्या कौन्सिलमधल्या दोन खुर्च्या

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या (म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेच्या) नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या, तर ‘इंटेलिजन्स अ‍ॅनालिस्ट’ आणि ‘फ्रॉड इन्व्हेस्टिगेटर’ ही दोन पदं बरेचदा एकाच टीममध्ये दिसतात. बाहेरच्याला वाटतं, दोघं एकच काम करतात, एक बसून आणि दुसरा फिरून. खरा फरक बसण्या-फिरण्यात नाही. अ‍ॅनालिस्ट खबरीवर काम करतो आणि त्याने ‘शक्यता किती’ एवढंच सांगायचं असतं. इन्व्हेस्टिगेटरला पुरावा उभा करावा लागतो, कोर्टात उलटतपासणी झाली तरी टिकणारा. खबरीला पुरावा समजलं की निरपराध माणसाला पत्र जातं. पुराव्याच्या कसोटीवर खबर घासत बसलं, तर एकही खबर पुढे जात नाही.

सर्वात सोपं उदाहरण कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे राहत्या घरावर कौन्सिल घेते त्या कराचं. घरात एकच प्रौढ राहत असेल तर बिलात २५ टक्के सूट मिळते. (पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळावी म्हणून ज्यांनी पीटी-३ अर्ज भरला आहे, त्यांना या सुटीची जात लगेच कळेल : माणूस स्वतः सांगतो, ऑफिस मानतं, तपासणी नंतर.) १९९६पासून चालू असलेल्या नॅशनल फ्रॉड इनिशिएटिव्हमध्ये, म्हणजे लबाडी शोधायला सरकारी नोंदी एकमेकींशी ताडण्याच्या उपक्रमात, सुटीची यादी मतदार यादीशी ताडून पाहतात. सूट घेतलेल्या पत्त्यावर दुसऱ्या प्रौढाचं नाव दिसलं की ती ‘मॅच’, म्हणजे जुळणी. अशा जुळण्यांचा गठ्ठा कौन्सिलकडे येतो आणि नवशिक्या अ‍ॅनालिस्टला वाटतं, एवढे सगळे लबाड सापडले.

जुळणी म्हणजे फक्त दोन नोंदींतली विसंगती. मुलगा घर सोडून गेला, पण मतदार यादीतलं नाव तसंच राहिलं. मुलगी अजून १७ वर्षांची आहे, पण लवकरच १८ची होणार म्हणून यादीत आली. अशा नावापुढे १८ पूर्ण होण्याची तारीख असते आणि ती न बघता पत्र पाठवणं हा शुद्ध हलगर्जीपणा. दुसरा प्रौढ पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर तो मोजणीतच धरत नाहीत. गंभीर मानसिक विकलांगता असलेली व्यक्ती आणि काही प्रकारचे घरात राहणारे केअरर (आजारी माणसाची काळजी घेणारे) यांनाही धरत नाहीत. म्हणजे घरात दोन प्रौढ आणि तरीही सूट कायदेशीर, असं सहज घडतं.

नावांचा गोंधळ तर आपल्याला चांगलाच ठाऊक. एका नोंदीत ‘एस. व्ही. कुलकर्णी’, दुसरीत सुनीता विजय कुलकर्णी, तिसरीत माहेरचं आडनाव. सॉफ्टवेअर याची तीन माणसं करतं, किंवा एकाच घरातल्या दोघांचा एकच माणूस. जन्मतारखेवर भिस्त ठेवावी, तर महाराष्ट्रातून आलेल्या जुन्या पिढीत १ जून ही तारीख किती जणांची आहे ते गुरुजींनाच विचारा. आडनाव आणि १ जून एवढं जुळलं म्हणून माणूस तोच, असं धरणारा अ‍ॅनालिस्ट फसतो. त्याला तिसरी खूण लागते : नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला प्रत्येकाचा सामाजिक विम्याचा क्रमांक), आधीचा पत्ता, फोन.

आता दुसरी बाजू, जिथे फोनवर खबर येते. निनावी बाई सांगते, ‘वरच्या मजल्यावरचा कौन्सिलचा फ्लॅट पोटभाड्याने दिलाय. दर आठवड्याला नवी माणसं बॅगा घेऊन येताना मी बघते. मूळ भाडेकरू दुसऱ्या गावी, लूटनला राहतो म्हणे.’ अ‍ॅनालिस्ट याच्या दोन नोंदी करतो, कारण खबरीत दोन गोष्टी आहेत. पोलिसांच्याच ३ बाय ५ बाय २ पद्धतीने प्रत्येकीला श्रेणी देतात. पहिला आकडा खबर देणाऱ्याचा : १ विश्वसनीय, २ न पारखलेला, ३ अविश्वसनीय. निनावी फोन म्हणजे २. मग माहितीचं अक्षर : स्वतः पाहिलेलं ‘ए’, ऐकीव पण इतरत्र दुजोरा मिळालेलं ‘बी’, नुसतं ऐकीव ‘सी’, कसं कळलं ते माहीत नसेल तर ‘डी’, खोटं असल्याचा संशय असेल तर ‘ई’. बॅगावाली माणसं २-ए. लूटनची गोष्ट कोणाकडून ऐकली असेल तर २-सी, तेही सांगता येत नसेल तर २-डी. शेवटचं अक्षर वाटपाचं : ‘पी’ म्हणजे कायदेशीरपणे देता येईल, ‘सी’ म्हणजे अटींवर. ‘मी समोरच्या दारातून बघते’ हे वाक्य नोंदीत जसंच्या तसं गेलं तर बाई कोण ते उघड होतं, म्हणून मजकूर नव्याने लिहायचा.

इथे एक चूक वारंवार होते. तीच बाई फोन करते, हाउसिंग ऑफिसरला जिन्यात गाठते आणि नगरसेवकाला ईमेल लिहिते. महिन्याभरात तीन नोंदी जमतात आणि अहवालात ‘तीन स्रोतांकडून दुजोरा’ असं छापून येतं. स्रोत एकच. प्रत्येक नोंदीच्या मुळाशी कोण आहे ते शोधल्याशिवाय ‘दुजोरा’ हा शब्द वापरू नये.

मग अ‍ॅनालिस्ट कौन्सिलच्या नोंदी बघतो : टॅक्स कोणाच्या नावे, दुरुस्तीसाठी फोन कोणत्या नंबरवरून, पार्किंग परमिट कोणत्या गाडीचं. अहवालात माहीत असलेलं, अनुमान आणि माहीत नसलेलं वेगवेगळं लिहायचं. शक्यता मोजायच्या ब्रिटिश पट्टीवर ‘संभाव्य’ म्हणजे साधारण ५५ ते ७५ टक्के, ‘अतिसंभाव्य’ म्हणजे ८० ते ९०. आणि निर्दोष स्पष्टीकरणं अहवालात हवीतच : भाडेकरू हॉस्पिटलमध्ये असेल, आजारी आईकडे राहायला गेला असेल. कौन्सिलच्या कायम भाडेकरूला घरातल्या खोलीत लॉजर, म्हणजे सोबत राहणारा पोटभाडेकरू, ठेवता येतो. अख्खं घर दुसऱ्याच्या हवाली करणं ही वेगळी गोष्ट आणि २०१३च्या सोशल हाउसिंग फ्रॉड कायद्याने तो गुन्हा आहे.

अ‍ॅनालिस्टचं काम इथे थांबतं. त्याने काढलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. इन्व्हेस्टिगेटर ती नोंद सांभाळणाऱ्या व्यक्तीचा सही केलेला जबाब घेतो आणि कागदाला एक्झिबिट नंबर, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, देतो. अधिकृत अधिकाऱ्यामार्फत बँक आणि वीज कंपनीकडून माहिती मागवतो, न कळवता घरभेट देतो, आणि शेवटी ‘बोलाल ते पुराव्यात येऊ शकतं’ अशी ताकीद देऊन संशयिताची मुलाखत रेकॉर्ड करतो. फौजदारी खटल्यात संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं. घर परत घेण्याच्या दिवाणी दाव्यात ‘अधिक शक्य काय’ एवढं पुरतं. अ‍ॅनालिस्टचं ‘अतिसंभाव्य’ दोन्हीकडे थेट चालत नाही. तपास कुठे सुरू करायचा, एवढं मात्र त्यातून कळतं.

सर्वांत घसरडी जागा सोशल मीडिया. संशयिताचं सार्वजनिक पान एकदा पाहिलं तर सहसा अडचण नाही. रोज सकाळी चहाबरोबर पुन्हा पुन्हा पाहून नोंदी ठेवल्या तर ती पाळत ठरू शकते, आणि मग छुप्या पाळतीवर बंधनं घालणाऱ्या २०००च्या ‘रिपा’ कायद्याखाली परवानगी लागते. कौन्सिलच्या बाबतीत अंतर्गत मंजुरी पुरत नाही, मॅजिस्ट्रेटचीही लागते. गुन्हाही असा हवा, ज्याची कमाल शिक्षा सहा महिने किंवा त्याहून जास्त कैदेची आहे (अल्पवयीनांना दारू-तंबाखू विकण्यासारखे मोजके अपवाद सोडून). अपंगांच्या पार्किंगचा ब्लू बॅज दुसऱ्याने वापरला, तर त्या किरकोळ गुन्ह्याला शिक्षा फक्त दंडाची, म्हणून तेवढ्यासाठी पाळत नाही. खोटं प्रोफाइल काढून मैत्री करण्याचा विचार आला तर तो तिथेच सोडावा.

‘खबर कोणी बघत नाही, त्यामुळे काहीही लिहिलं तरी चालतं’ हा गैरसमज दोन्ही खुर्च्यांवर आढळतो. फौजदारी तपासासाठीच्या १९९६च्या सीपीआयए कायद्याने तपासातलं न वापरलेलं साहित्यही जपून सरकारी वकिलापुढे मांडावं लागतं, आरोपीच्या बाजूने जाणारं तर नक्कीच. गोपनीय नोंदी वेगळ्या यादीत जातात, पण जातात. ‘माणूस लबाडच वाटतो’ अशी टिपणी पुढे बचाव पक्षाच्या हाती लागू शकते.

गुन्ह्यांच्या बाजूचा अ‍ॅनालिस्ट तर बहुधा कुठल्या खटल्याच्या जवळही जात नाही. त्याचं काम म्हणजे कम्युनिटी सेफ्टी भागीदारीसाठी (परिसराच्या सुरक्षेसाठी कौन्सिल, पोलीस वगैरेंनी मिळून चालवलेल्या गटासाठी) वार्षिक आढावा, उपद्रवाच्या ठिकाणांचे नकाशे, कचरा फेकण्याच्या वेळा. त्यात नावं नसतातच.

लहान कौन्सिलमध्ये दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. तिथे निदान फोल्डर तरी दोन ठेवावेत : एकात श्रेणी दिलेल्या खबरी, दुसऱ्यात तपासाची वही आणि एक्झिबिट. खबर तपासात न्यायची तर ती कधी, कोणाच्या मंजुरीने नेली, याची एक ओळ वहीत लिहायची. बाकी टॅक्स सुटीची बहुतेक प्रकरणं त्या दुसऱ्या फोल्डरपर्यंत पोहोचत नाहीत. सूट रद्द होते, मागच्या तारखेपासून बिल येतं, आणि बदल कळवला नाही म्हणून फार तर ७० पौंडांचा दंड लागतो.