मुशीच्या अंगातला युरिया

बाजारात सुरमई-पापलेटच्या टोपल्यांभोवती गर्दी असते, तेव्हा मुशी बाजूला पडून असते. करडी, गुळगुळीत दिसणारी, हातभर लांब. भावही तसाच, खालचा. एकदा मी कोळीण मावशींना विचारलं, "मावशी, मुशीला वास मारतो ना?" त्या म्हणाल्या, "समिंदरात नाय मारत, तुमच्या घरात मारतो." विनोद होता, पण त्यात शरीरशास्त्राचा अख्खा धडा आहे.

मुशी म्हणजे लहान शार्क. सिंधुदुर्ग आणि गोव्यात तिला मोरी म्हणतात. मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर जी छोटी मुशी सर्रास मिळते, तिचं शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन लॅटिकॉडस. नाक फावड्यासारखं चपटं, आणि पूर्ण वाढली तरी लांबी जेमतेम 70 सेंटीमीटर.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. माशाच्या रक्तात मीठ त्याहून बरंच कमी, म्हणून त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. समुद्रात राहून मासा सुकू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण धोका खरा आहे. बांगडा, सुरमई वगैरे काटेवाले मासे यावर घाम गाळतात: समुद्राचं पाणी पीत राहायचं आणि मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत राहायचं. मुशीने वेगळी युक्ती काढली. तिने रक्तातच इतका युरिया साठवला की आतलं आणि बाहेरचं पाणी जवळजवळ तोलात आलं. मग पाणी बाहेर पळायचं कारणच उरत नाही.

युरिया म्हणजे तोच, जो आपण लघवीतून टाकतो आणि शेतात पोत्याने घालतो. रक्ततपासणीच्या कागदावर आपला युरिया 100 मिलिलीटरला 15 ते 40 मिलिग्रॅम असला की डॉक्टर खूश असतात. समुद्री शार्कच्या तेवढ्याच रक्तात तो साधारण 2 ग्रॅम असतो, म्हणजे आपल्या वरच्या मर्यादेच्याही पन्नासपट. माणूस एवढ्याने केव्हाच आडवा झाला असता, कारण जास्त युरिया प्रथिनांची घडी विस्कटतो. मुशी तगते ती दुसऱ्या एका रेणूमुळे. ट्रायमिथिलअमाईन ऑक्साइड असं त्याचं लांबलचक नाव. युरिया घडी मोडायला बघतो, हा ती धरून ठेवतो. दोन भाग युरियाला साधारण एक भाग हा, असं प्रमाण शार्कच्या अंगात आढळतं.

मुशी मेली की जिवाणूंचं राज्य सुरू होतं. ते युरिया फोडून अमोनिया करतात, आणि दुसऱ्या रेणूपासून ट्रायमिथिलअमाईन, म्हणजे आपण ज्याला 'मासळीचा वास' म्हणतो तो. दुसरा वास सगळ्याच समुद्री माशांना कमीअधिक येतो. पहिला, नाकात झोंबणारा, मुशीचा आणि तिच्या चुलत भावंडांचा, पाकटांचा. आइसलँडचे लोक तर शार्क मुद्दाम आंबवून, वाळवून तो वास कौतुकाने खातात. आपल्याला तेवढं धाडस नको.

म्हणून मुशी घ्यायची ती सकाळी, बर्फातली, आणि घरी आणल्याबरोबर साफ करायची. पोट चिरून आतडी आणि यकृत काढा. मग कण्याला आतून चिकटलेली काळपट लाल रेघ दिसेल, ती सुरीच्या टोकाने खरवडून काढा. बरेच जण इथेच चुकतात. ती रेघ म्हणजे मूत्रपिंड. आपलं मूत्रपिंड युरिया बाहेर टाकतं, मुशीचं तो गाळून परत रक्तात घेतं. ते आणि आसपासचं रक्त राहिलं तर पुढचं सगळं धुणं अर्धं वाया.

आता कातडं. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवलात तर मखमल, उलट फिरवलात तर पॉलिश पेपर. मुशीचे खवले रचनेने आपल्या दातांसारखे असतात, आत डेंटिन आणि वर इनॅमलसारखा कठीण थर. ते साध्या सुरीने निघत नाहीत. वरून कढत पाणी ओतलं की कातड्यातलं कोलॅजन सैल पडतं आणि सुरीच्या पाठीने खरखर निघून येते. पाण्यात फार वेळ मात्र ठेवू नका, नाहीतर मांस तिथेच शिजायला लागेल.

एरवी तुकडे केल्यावर मासा फार धुवू नये, चव जाते, असं आपण म्हणतो. मुशीला नियम उलटा. युरिया पाण्यात सहज विरघळतो, त्यामुळे तुकडे करून तीन-चार पाण्यांतून काढायचे, आणि मग मीठ, हळद, कोकमाचं आगळ लावून ठेवायचे. अमोनिया अल्कधर्मी आहे. आंबटाशी गाठ पडली की त्याचा अमोनियम होतो, आणि तो हवेत उडत नाही. उडत नाही म्हणजे नाकापर्यंत पोचत नाही. एवढं करूनही वास झोंबलाच, तर ती मुशी शिळी आहे. ती टाकून द्या, मसाल्याने झाकू नका.

साफ करताना कधीकधी पोटातून पिल्लं निघतात, आणि नीट पाहिलंत तर त्यांना नाळ दिसते. होय, नाळ. या मुशीचं अंड जेमतेम एक मिलिमीटरचं, शार्कमधलं सर्वांत लहान. त्यात पिवळा बलक जवळजवळ नसतोच. पिल्लं वारेतून आईकडून पोसली जातात, आपल्यासारखीच. मला पहिल्यांदा दिसली तेव्हा हात थांबला होता. लाखो अंडी सोडणाऱ्या माशांसारखी हिची संख्या पटकन भरून येत नाही, म्हणून पोट फुगलेली मुशी मी घेत नाही. हातोड्यासारख्या डोक्याची आणि मोठ्या शार्कचे कापलेले तुकडेही नाही. काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत आणि तुकड्यावरून जात कळत नाही. शिवाय मोठ्या, जास्त जगलेल्या शार्कमध्ये पारा साठतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी देण्याची पद्धत किनाऱ्यावर जुनी आहे, पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना शार्क टाळायलाच सांगितलं आहे. इथे मी आजीचं ऐकणार नाही.

रांधताना एक लक्षात ठेवायचं, मुशीच्या मांसात चरबी नसल्यातच जमा. तिला पोहायला हवेची पिशवी नाही, तेलाने भरलेलं मोठं यकृत तिला हलकं ठेवतं, आणि तिची सगळी चरबी तिथेच असते. दुसऱ्या महायुद्धात कॉडचं तेल येईना तेव्हा आपल्याकडे शार्कच्या यकृताचंच तेल काढत होते. त्यामुळे तव्यावर मुशी कोरडी पडते. तिला रस्सा लागतो. मालवणात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण लावून तिचं 'मटण' करतात. घट्ट मांस, बारीक काटे नाहीत, मधे फक्त कूर्चेचा कणा. मुलं न घाबरता खातात.

गोव्याचं आंबट-तीक मला त्याहून आवडतं. लाल मिरची, लसूण, मिरी, जिरं, हळद यांचं वाटण, आणि भरपूर चिंच किंवा कोकम. नारळ नाही. रस्सा उकळला की तुकडे सोडायचे, दहा मिनिटांत उतरवायचं. फ्रिज नसलेल्या काळात हे रात्री करून ठेवत, कारण आंबटात जिवाणूंची वाढही मंदावते. आमच्याकडे अजूनही रात्रीच करतात, आणि सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्यातला एखादा तुकडा कोणाच्या वाट्याला येतो यावरून भांडण होतं.