कौटुंबिक वायनरी (नाशिक)

बाग, वायनरी आणि वाइनवरचे नाव ही तिन्ही एकाच घरची असतील, तर अशा उद्योगाला नाशिक जिल्ह्यात कौटुंबिक वायनरी म्हणतात. इटलीतले आंतिनोरी घराणे १३८५ पासून सव्वीस पिढ्या वाइन करत आले आहे. ते माप इथे लावून उपयोग नाही, कारण नाशिकची वाइन आत्ता कुठे दुसऱ्या पिढीच्या हाती येते आहे. जुन्या पिढ्या आहेत त्या द्राक्षाच्या. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत आजोबांनी मांडव घातला, मुलाने थॉमसन सीडलेस ही बिनबियांची खाण्याची द्राक्षे परदेशी धाडली, अशी घरे पुष्कळ सापडतात. वाइन त्यानंतरची.

या जुन्या अनुभवाचा नेमका उपयोग छाटणीत होतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षाला एकदा छाटली जाते. नाशिकच्या हवेत ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करण्यासाठी खरड छाटणी आणि पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी, अशा दोन छाटण्या घ्याव्या लागतात. पीक मात्र एकच. गोडी छाटणी लवकर उरकली तर परतीच्या पावसात डावणी हा बुरशीचा रोग येतो, लांबवली तर काढणी उन्हाळ्यात जाते. हे गणित परदेशी सल्लागाराला इथे येऊनच शिकावे लागले.

बाकी बरेचसे मात्र घरच्यांना विसरावे लागले. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगीर हवा, त्यासाठी घड जीए (जिबरेलिक ॲसिड) या वाढ-संजीवकाच्या द्रावणात बुडवतात. वाइनला मणी बारीक, साल जाड, आत बी, असाच घड लागतो. आयुष्यभर निर्यातीची बाग केलेल्या माणसाला काबर्ने सोव्हिन्यॉं किंवा शिराज या वाइनच्या वाणांचा असा घड पाहून बाग फसल्यासारखेच वाटते. तोडही वेगळी. साखर साधारण २२ ते २४ ब्रिक्सवर (रसातली गोडी मोजण्याचे माप) आली की पहाटेच्या गारव्यात घड क्रेटमध्ये भरून ऊन चढण्याआधी वायनरीत पोचवायचे. लाल वाइनमध्ये रस सालांसकट आंबवतात. टाकीत साले वर येऊन जाड थर धरतात. तो दिवसातून दोन-तीनदा मोडला नाही तर सालांचा रंग रसात उतरत नाही आणि वाइन बिघडण्याचा धोका असतो. उरलेला चोथा कंपोस्ट होऊन पुन्हा बागेत जातो.

राज्यात १९८० च्या दशकात शॅम्पेन पद्धतीच्या वाइनने नाव काढले ते पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावच्या इंडेज कंपनीने. नाशिकला वळण दिले ते गंगापूर धरणाजवळच्या सुलाने. राजीव सामंत यांनी घरच्या जमिनीवर वेली लावल्या, वायनरीला आई सुलभा यांच्या नावावरून नाव दिले आणि २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण आणले, अबकारी करात सवलत दिली. निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क झाले. मग बागायतदारांनीही टाक्या घेतल्या.

वाइन करणे जमले, विकणे जमले नाही. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांची मागणी बसली, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि अनेकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. खाण्याचे द्राक्ष विकले गेले नाही तर बेदाणा तरी होतो. वाइन पडून राहिली की पैसाही टाकीतच अडकतो, आणि ती टेम्पोत घालून बाजार समितीत नेता येत नाही. नव्या वायनरीचे खरे दुखणे हेच, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. चवीची चर्चा त्यानंतरची.

घरातल्या अडचणी निराळ्या. या भागात माळकरी घरे बरीच. निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरची पौषवारी नेमकी तोडीच्या तोंडावर येते, आणि ज्या घरातून दिंडी निघते तिथे 'दारूचा धंदा' हा शब्द जड जातो. मुलगा ‘वाइन’ म्हणतो, आजी ‘दारू’. कायद्याच्या लेखी आजी चुकत नाही, कारण परवाना उत्पादन शुल्क खात्याचाच लागतो. वाटण्यांचा प्रश्न त्याहून अवघड. सातबारा भावाभावांत फुटतो, पण वायनरी मधोमध चिरता येत नाही. त्यामुळे बहुधा कंपनी काढून हिस्से शेअरमध्ये ठेवले जातात.

सगळेच काही मूळचे बागायतदार नव्हते. सुलाच्या शेजारची यॉर्क वायनरी गुरनानी कुटुंबाची. तिचे नाव घरातल्या तीन मुलांच्या नावांच्या इंग्रजी अक्षरांतून बनले, आणि त्यांतला एक मुलगा ऑस्ट्रेलियात वाइननिर्मिती शिकून आला. २०२१ मध्ये यॉर्क सुलाने विकत घेतली. बाटलीवर नाव अजून यॉर्कच आहे.