इंटरनेटच्या रांगेत पहिला नंबर विकत मिळावा का?

मोठ्या प्रमाणावर व्हिडिओ पुरवणाऱ्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी मागणी भारतातील दूरसंचार कंपन्यांची संघटना गेली काही वर्षे करत आहे. तिच्या जोडीने एक समजही पसरलेला दिसतो: ज्याला घाई आहे त्याने जास्त पैसे मोजून वेगवान मार्ग घेतला, तर इतरांचे काय बिघडते? बिघडते, आणि ते कसे हे समजण्यासाठी जाळ्यात गर्दी झाल्यावर नेमके काय होते ते पाहावे लागते. खुल्या इंटरनेटच्या चर्चेत कायदा आणि अर्थकारण भरपूर येते. यंत्रणेबद्दल मात्र क्वचितच कोणी बोलते.

आपण मागवलेली प्रत्येक फाइल साधारण १५०० बाइटच्या पाकिटांत विभागून येते. वाटेतल्या राउटरपाशी सगळ्यांची पाकिटे एकाच रांगेत उभी राहतात आणि रांगेतली जागा संपली की नवे पाकीट सरळ टाकून दिले जाते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील जेमतेम ४०० यार्डांच्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. हरवलेली पाकिटे प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा पाठवत होता आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. यावर संगणकशास्त्रज्ञ व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या उपायाचा गाभा असा: सगळे सुरळीत चालले असेल तर प्रत्येक फेरीला एकेक पाकीट वाढवावे, पाकीट हरवले तर गर्दी झाली असे समजून आपला वेग निम्म्यावर आणावा.

या साध्या नियमातून जे घडते ते मला आजही विलक्षण वाटते. समजा, एका मार्गावरून एका वेळी १०० पाकिटे जाऊ शकतात. त्यांतली ८० एका प्रेषकाची आहेत आणि २० दुसऱ्याची. मार्ग भरला, दोघांचीही पाकिटे हरवली, दोघे निम्म्यावर आले: ४० आणि १०. आता दोघेही समान गतीने वाढत जातात आणि मार्ग पुन्हा भरतो तेव्हा आकडे असतात ६५ आणि ३५. पुन्हा तेच घडले की ५७.५ आणि ४२.५, आणि त्यापुढच्या खेपेस ५३.७५ आणि ४६.२५. वाढताना दोघांतले अंतर कायम राहते, घटताना ते निम्मे होते; म्हणून ६० पाकिटांचे अंतर ३०, १५, ७.५ असे वितळत जाते. कोणी कोणाला ओळखत नाही, वाटप करणारा अधिकारी मध्ये बसलेला नाही, तरीही वाटा समान होत जातो. डा-मिंग चिउ आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये याचे गणिती विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रत्यक्षात प्रत्येक प्रेषकाचा मार्ग कमीअधिक लांबीचा असतो आणि आज वेग ठरवण्याच्या क्यूबिक किंवा बीबीआर यांसारख्या नव्या पद्धतीही वापरात आहेत, त्यामुळे वाटणी इतकी काटेकोर होत नाही. पण सर्वांना गर्दीची खूण सारखीच मिळावी, ही अपेक्षा कायम आहे.

प्राधान्य विकले की हीच अपेक्षा मोडते. पैसे भरणाऱ्याची पाकिटे रांगेत पुढे घेतली, तर ती सहसा हरवतच नाहीत. मग तो निम्म्यावर येत नाही आणि दुसरा मात्र पुन्हा पुन्हा माघार घेत राहतो. अंतर वितळण्याची क्रियाच थांबते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रांग नसेल तेव्हा पुढचा नंबर घेऊन काहीच उपयोग नसतो. म्हणजे ही वस्तू विकणाऱ्या कंपनीला आपल्या जाळ्यातली गर्दी टिकून राहण्यातच फायदा दिसू लागतो.  

हस्तक्षेप याहून उघडही असू शकतो. २००७ मध्ये अमेरिकेतील कॉमकास्ट ही इंटरनेट पुरवठादार कंपनी बिटटोरंटच्या, म्हणजे लोकांनी एकमेकांना थेट फाइल पाठवण्याच्या पद्धतीच्या, जोडण्यांमध्ये ‘जोडणी तोडा’ असे बनावट संदेश घुसवत होती. दोन्ही टोकांच्या संगणकांना तो संदेश समोरच्यानेच पाठवला असे वाटे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची प्रत देवाणघेवाण करून ही अडवणूक पडताळून पाहिली होती.

भारतात ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि त्यामुळे निवडक संकेतस्थळे मोफत देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना थांबली. २०१८ मध्ये सरकारने त्यापुढे जाऊन अडवणूक, मुद्दाम वेग कमी करणे आणि विशेष वेग देणे या तिन्ही गोष्टींना इंटरनेट पुरवठादारांच्या परवान्याच्या अटींमधूनच बंदी घातली. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेट या सरकारी योजनेची इंटरनेटची तार पोहोचवणे हे न्याय्य उपलब्धतेचे एक अंग आहे. त्या तारेवरून गावातल्या मुलीने बनवलेले संकेतस्थळ आणि बलाढ्य कंपनीचे संकेतस्थळ एकाच नियमाने पोहोचणे हे दुसरे, आणि ते सांभाळण्याचे काम या अटी करतात.

दूरसंचार कंपन्यांची खर्चाच्या वाट्याची मागणीही मला पटत नाही. व्हिडिओ कंपनी आपला व्हिडिओ जाळ्यावर लादत नाही. ग्राहक तो मागवतो आणि त्या डेटाचे पैसे ग्राहकाने आधीच मोजलेले असतात. गूगल आणि नेटफ्लिक्स तर आपल्या मजकुराच्या प्रती ठेवणारी यंत्रे इंटरनेट पुरवठादारांच्या जाळ्यातच बसवून देतात. दक्षिण कोरियात जाळे वापरण्याचे शुल्क बहुतेक इतर देशांच्या दहापट असल्याचे सांगून ट्विच ही व्हिडिओ सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथून बाहेर पडली. त्यात नुकसान तिथल्या प्रेक्षकांचेही झाले.

गर्दीची अडचण खरी आहे आणि २०१८ चे नियम वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला मुभाही देतात. त्यासाठी पाकीट कोणाचे आहे आणि त्यासाठी पैसे भरलेत की नाहीत, हे पाहण्याची गरज नाही. २०१२ पासून लिनक्स या संगणक प्रणालीत उपलब्ध असलेली रांग सांभाळण्याची एफक्यू-कोडेल ही पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने संधी देते आणि रांगेत फार वेळ ताटकळलेली पाकिटे टाकून प्रेषकाला वेळेवर खूण देते. पुरवठादार आपल्या राउटरमध्ये कोणती पद्धत वापरतात आणि गर्दीच्या वेळी पाकिटाला रांगेत किती वेळ थांबावे लागते, हे त्यांनी नियमितपणे जाहीर करावे, असे बंधन ट्रायने घालायला हवे.