ठेकेदाराची चूक नसताना सरकारी काम रद्द झाले, तर दावा कुठे, कसा आणि किती दिवसांत करायचा

‘शासन स्तरावरील निर्णयानुसार सदर काम रद्द करण्यात येत आहे, तरी काम तात्काळ थांबवावे.’ सार्वजनिक बांधकाम असो, जिल्हा परिषद असो की महापालिका, असे दोन ओळींचे पत्र हाती पडले की बहुतेक ठेकेदार आधी कार्यालयात ओळखीच्या माणसाला गाठतात, मग आमदारांकडे जातात. त्यात महिना निघून जातो. करारात दाव्यासाठी दिलेली पहिली मुदत नेमकी तेवढीच आहे.

ही माहिती मुख्यतः राज्य सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ करारावर (टक्केवारी दराच्या निविदेचा छापील नमुना) केलेल्या कामांची आहे. सोलापुरात बहुतेक रस्ते, इमारती आणि लहान पूल याच नमुन्यावर निघतात. महामंडळाच्या किंवा केंद्राच्या निविदांमध्ये कलमांचे क्रमांक आणि मुदती वेगळ्या असतात, म्हणून स्वतःच्या कराराची सही-शिक्क्याची प्रत समोर ठेवूनच पुढचे वाचावे.

पत्रात कोणते कलम आहे?

आधी हे पाहा, कारण बाकी सगळे यावर ठरते. कलम ३ लावले असेल, तर कार्यालय म्हणते आहे की चूक तुमची आहे. त्यात अनामत जप्त होते, उरलेले काम दुसऱ्याकडून करून घेऊन वाढीव खर्च तुमच्या नावावर टाकता येतो आणि पुढे काळ्या यादीची नोटीसही येऊ शकते. कलम १५ मध्ये ठेकेदाराचा दोष नसतो. निधी नाही, आराखडा बदलला, जागा ताब्यात नाही, शासनाला आता कामच नको, अशा कुठल्याही कारणाने अभियंता लेखी नोटीस देऊन काम थांबवू शकतो किंवा कायमचे बंद करू शकतो.

खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा पत्रात कलमच लिहिलेले नसते. मग आठवड्याच्या आत कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या: ‘आमच्याकडून कोणतीही कसूर झालेली नाही, सबब आपले पत्र कलम १५(१) खालील नोटीस समजून आम्ही काम सुरक्षित टप्प्यावर थांबवत आहोत.’ आवक शिक्का आणि क्रमांक असलेली पोहोच घ्या, शिवाय तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. सहा महिन्यांनी कार्यालयाने ‘काम संथ होते’ असा सूर लावला, तर हे पत्र उपयोगी पडते.

दावा कोणाला करता येतो?

करारनामा झालेला आणि कार्यारंभ आदेश मिळालेला ठेकेदार, म्हणजे ज्याच्या नावावर करार आहे ती व्यक्ती, भागीदारी संस्था किंवा कंपनी. उपठेकेदाराने काम केले असले तरी खात्याच्या लेखी तो नसतो. त्याचा हिशेब मूळ ठेकेदाराशी. निविदा उघडली, दर सर्वात कमी निघाला, पण करारच झाला नाही, अशा वेळी कलम १५ चा प्रश्न येत नाही. तेव्हा बयाणा रक्कम परत मागायची, आणि रद्द करणे उघडपणे मनमानी असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. त्यामुळे सोलापूरच्या ठेकेदाराला रिटसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.

मोजणी आधी, बाकी नंतर

काम थांबले की साइटवर जे आहे त्याची संयुक्त मोजणी लगेच मागा. उशीर झाला की पुरावा मातीखाली जातो, हे इथे शब्दशः खरे आहे. रस्त्याचे खोदकाम आणि मुरमाचा थर एका पावसात ओळखू येत नाही, पायाच्या खड्ड्यात पाणी भरते आणि उघडी सळई गंजते. शाखा अभियंत्यांना तारीख आणि वेळ कळवून मोजणीला बोलवा. ते आले नाहीत, तर त्याच वेळी साखळी क्रमांकानुसार (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर) फोटो काढा. प्रत्येक फोटोत टेप आणि मोजमाप दिसले पाहिजे, मोबाइलमध्ये तारीख व ठिकाण उमटण्याची सोय सुरू हवी. दोन पंचांच्या सहीचा पंचनामा करून तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात आवक करा.

मोजमाप पुस्तिकेवर सही करताना घाई नको. नोंद कमी वाटली, तर सहीवर लिहा: ‘हरकत राखून, अमुक बाबींची मोजणी बाकी.’ अंतिम देयकाच्या वेळीही तसेच. ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ या छापील ओळीखाली निमूट सही केली, तर पुढचा सगळा दावा तिथेच अडतो. पैशांची कितीही निकड असली तरी रक्कम ‘हरकत राखून’ घ्यावी.

काय मागता येते, काय नाही

झालेल्या कामाचे पैसे कराराच्या दराने मिळतात, त्यावर वाद नसावा. शेड्यूलबाहेरच्या बाबी केल्या असतील, तर त्यांचे दरपृथक्करण आणि लेखी आदेश लागतो. साइट ऑर्डर बुकातली उपअभियंत्यांची नोंदही आदेशाचा पुरावा म्हणून जोडावी.

खरेदी केलेला माल शासनाने घ्यावा, अशी मागणी कलम १५(४) खाली करता येते. नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत पुरावा द्यावा लागतो, आणि माल नोटिशीच्या आधी घेतलेला किंवा घ्यायचा ठरलेला असावा. दर अभियंता ठरवतात आणि तो तुमच्या खरेदी दरापेक्षा जास्त कधीच नसतो. उरलेल्या कामाला जेवढा लागला असता तेवढाच माल घेतला जातो. समजा ४० घनमीटर एम-२० काँक्रीट शिल्लक आहे आणि मिक्स डिझाइनप्रमाणे घनमीटरला ३२० किलो सिमेंट लागते. म्हणजे १२,८०० किलो, २५६ गोण्या. गोदामात ४०० गोण्या असल्या तरी दावा २५६ चाच उभा राहतो. शिवाय सिमेंट तीन महिन्यांहून जुने झाले की फेरचाचणीशिवाय कोणी हात लावत नाही. त्यामुळे ९० दिवसांची मुदत असली तरी सिमेंटचा अर्ज पहिल्या पंधरवड्यातच गेला पाहिजे.

काम काही काळ थांबवून पुन्हा सुरू केले असेल, तर कलम १५(३) खाली उभ्या यंत्रसामग्रीचे आणि मजुरीचे नुकसान मागता येते. थांबा सलग ३० दिवसांपेक्षा किंवा एकूण ६० दिवसांपेक्षा जास्त हवा. पहिले ३० दिवस मोजत नाहीत. काम ७५ दिवस थांबले असेल तर मागणी ४५ दिवसांची. हा अर्ज काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि कामाच्या गडबडीत नेमकी हीच तारीख निसटते.

‘तूर्त स्थगिती’ म्हणून काम लोंबकळत ठेवले असेल, तर कलम १५(२) वापरा. सलग ९० दिवस पूर्ण थांबले की पुढच्या ३० दिवसांत, १० दिवस आधी सूचना देऊन, उरलेल्या कामातून बाहेर पडता येते. १ जूनला काम थांबले तर ९० दिवस २९ ऑगस्टला भरतात आणि सूचना देण्याची खिडकी २८ सप्टेंबरला बंद होते. सूचना मिळाल्यापासून ९० दिवसांत खात्याने मोजणी करून देणे द्यायचे असते.

उरलेल्या कामावरचा नफा मात्र कलम १५ खाली मिळत नाही. ठरवून दिलेल्या बाबींखेरीज कोणतीही भरपाई नाही, असे कलमातच आहे. अपवाद एकच, आणि तो महत्त्वाचा: काम रद्द झाल्याचे दाखवून तेच काम दुसऱ्याला दिले असेल, तर तो करारभंग म्हणून मांडता येतो आणि भारतीय करार कायद्याच्या कलम ७३ खाली नफ्याची मागणी होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये गुजरात सरकारविरुद्धच्या एका रस्ते-ठेक्याच्या प्रकरणात उरलेल्या कामावर १५ टक्के नफा मान्य केला होता. म्हणून पुढचे वर्षभर राज्याच्या ई-निविदांच्या महाटेंडर्स संकेतस्थळावर नजर ठेवा. त्याच रस्त्याची, त्याच किलोमीटरची निविदा निघाली तर निविदा क्रमांक, तारीख आणि कामाची व्याप्ती यांची छापील प्रत ठेवा.

कागदपत्रे

करारनामा शेड्यूल बी (कामाच्या बाबी, परिमाणे आणि दरांची यादी) सह, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे आदेश, रद्द केल्याचे पत्र, आरए बिले (काम चालू असताना निघालेली देयके) आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती लागतात. मालासाठी जीएसटी बिले, ई-वे बिले, वजनकाट्याच्या पावत्या, बँकेतून पैसे गेल्याचा उतारा. खडी, मुरूम, वाळूसाठी महाखनिज या राज्याच्या गौण खनिज प्रणालीचे वाहतूक पास. ते नसतील तर माल राहिला बाजूला, रॉयल्टीची वसुलीच देयकातून होते. यंत्रांसाठी आरसी किंवा भाडेकरार, लॉगबुक, डिझेलच्या पावत्या. मजुरांसाठी हजेरीपट आणि भविष्यनिर्वाह निधीची चलने. घरचा जेसीबी असला तरी लॉगबुक लागतेच. ‘मशीन साइटवर होते’ हे तोंडी कोणी मानत नाही.

मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळत नसेल, तर माहिती अधिकारात मागा. राज्याच्या नियमांप्रमाणे १० रुपये शुल्क, एक विषय, १५० शब्दांची मर्यादा. त्याच वेळी दुसऱ्या अर्जात काम रद्द करण्याच्या नस्तीवरील टिपण्या मागा. रद्द करण्याचे खरे कारण पत्रापेक्षा टिपणीत जास्त स्पष्ट असते.

अर्ज आणि अपील

कलम १६ सांगते की कारण घडल्यापासून एका महिन्यात लेखी मागणी कार्यकारी अभियंत्यांकडे गेली नाही, तर भरपाई नाही. हक्कच बुडवणारी अशी मुदत करार कायद्याच्या कलम २८ खाली आव्हान देण्याजोगी आहे, पण ती लढाई टाळलेलीच बरी. आकडे पक्के नसले तरी महिन्याच्या आत बाबवार मागणी द्या आणि ‘सविस्तर तपशील स्वतंत्रपणे सादर करू’ असे लिहा. अनामत आणि जादा सुरक्षा रक्कम मोकळी करण्याची मागणीही याच अर्जात हवी. बँक हमीची मुदत दरम्यान संपणार असेल तर ती वेळेत वाढवा, नाहीतर खाते ती वटवून घेऊ शकते.

उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर कलम ३० प्रमाणे अधीक्षक अभियंत्यांकडे, म्हणजे सोलापूर मंडळाकडे जावे. त्यांच्या आदेशावर ३० दिवसांत मुख्य अभियंता, पुणे यांच्याकडे अपील होते. प्रचलित नमुन्यात त्यासाठी कराराची किंमत १० लाखांहून जास्त आणि मागणी किमान १ लाखाची लागते. तिथून पुन्हा ३० दिवसांत शासनाकडे. शासनाला दाव्यात तथ्य दिसले तर तो शासन स्तरावरील स्थायी समितीपुढे ठेवला जातो.

कलम ३० म्हणजे लवाद, असा समज आजही पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की बी-१ मधील कलम ३० हा लवादाचा करार नाही. त्यामुळे या कलमावर लवाद नेमण्याचा अर्ज करण्यात वर्ष घालवू नये.

न्यायालयाची वाट

न्यायालयात दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि खात्याकडे अपील पडून आहे म्हणून ती थांबत नाही. राज्य शासनाविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. ती सचिवांना किंवा सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना बजावता येते. मागणी ३ लाखांची किंवा जास्त असेल तर बांधकाम कराराचा वाद व्यावसायिक न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे नमुना १ मध्ये अर्ज, शुल्क १,००० रुपये. खाते हजरच राहिले नाही तर तसा अहवाल मिळतो, तो दाव्याला जोडायचा. नोटिशीचा आणि मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो. दोन्ही एकाच वेळी सुरू केली तर बराच वेळ वाचतो.

महापालिकेचे काम असेल तर वकिलांकडे पहिल्याच आठवड्यात जा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ मध्ये एक महिन्याची नोटीस आणि सहा महिन्यांची मुदत आहे. ते कराराच्या वादाला लागू होते की नाही यावर वाद घालता येतो, पण सहा महिन्यांच्या आत दावा गेला तर तो प्रश्नच उरत नाही.

रेल्वेच्या सोलापूर विभागाची कामे सर्वस्वी वेगळ्या अटींवर असतात. त्यांच्या सर्वसाधारण अटींच्या कलम ६१ मध्ये निधीअभावी किंवा अन्य कारणाने करार संपवण्याचा अधिकार आहे. झालेले काम, साइटवरचा मंजूर माल आणि पूर्ण काम होईल या भरवशावर केलेला वाजवी खर्च पावत्यांसह मागता येतो. तिथे कलम ६४ खाली लवादाची तरतूद असते, पण अंतिम मागणी दिल्यावर १२० दिवस थांबायचे आणि १८० दिवसांच्या आत लवादाची लेखी मागणी करायची. हे मधले साठ दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवावेत.