पार्श्वभूमी: पाण्यात न विरघळणारे औषध आणि नॅनोकण

कर्करोगावरच्या नॅनो औषधांची बातमी आली की 'थेट गाठीवर नेम' हे शब्द ठरलेले असतात. या पिढीतले बरेच वापरले जाणारे एक औषध, ॲब्रॅक्सेन, मात्र वेगळ्याच गरजेतून जन्मले. त्यातले कर्करोगविरोधी द्रव्य पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते शिरेतून द्यायचे कसे, हा प्रश्न होता.

पॅक्लिटॅक्सेल मिळाले झाडाच्या सालीतून. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था तेव्हा हजारो वनस्पती तपासून पाहत होती. त्या मोहिमेत 1962 साली कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल आणली. पुढे हे काम उत्तर कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आले. वाणी नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेत गेलेले. सालीतल्या गुणकारी रेणूची रचना या गटाने 1971 मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी 1966 मध्ये कॅम्प्टोथेसिन हे आणखी एक महत्त्वाचे कर्करोगविरोधी द्रव्यही याच जोडीने शोधले होते. आपल्याकडे वाण्यांचे नाव इतके कमी घेतले जाते, याचे नवल वाटते.

रचना कळली तरी औषध बराच काळ पडून राहिले. एक किलो द्रव्यासाठी सुमारे 10,000 किलो साल लागे, आणि साल काढली की झाड मरे. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी त्याची अजब कार्यपद्धती दाखवली. पेशी दुभंगताना तिच्या आतल्या सूक्ष्मनलिका जुळतात आणि सुट्या होतात. पॅक्लिटॅक्सेल त्यांना सुटूच देत नाही, त्यामुळे विभाजन अडते. असे काम करणारे औषध तोवर कोणी पाहिले नव्हते. संशोधक पुन्हा त्याच्याकडे वळले. सालीचा प्रश्नही पुढे सुटला: यूच्याच दुसऱ्या जातीच्या पानांतून कच्चा रेणू काढून उरलेली जोडणी प्रयोगशाळेत करता येऊ लागली.

विरघळण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. त्यावर क्रेमोफोर हा उपाय निघाला. एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेला हा दाट द्रव अल्कोहोलबरोबर वापरला की औषध विरघळते. पण 1980 च्या दशकातल्या चाचण्यांत काही रुग्णांना सलाईन सुरू होताच धाप लागली, रक्तदाब कोसळला. ॲलर्जीचा मोठा संशय क्रेमोफोरवर होता. मग आधी स्टेरॉइड आणि ॲलर्जीरोधक इंजेक्शने द्यायची, औषध तासन्‌तास हळूहळू सोडायचे, अशी पद्धत बसली. क्रेमोफोर नेहमीच्या पीव्हीसी नळीतले रसायनही ओढून घेतो, म्हणून नळ्यासुद्धा वेगळ्या लागतात. इतके सगळे सांभाळून 1992 च्या डिसेंबरमध्ये टॅक्सॉलला, म्हणजे या क्रेमोफोरमधल्या पॅक्लिटॅक्सेलला, अंडाशयाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच सुमारास दुसरीकडे सूक्ष्म वाहकांचे काम फळाला येत होते. ब्रिटनमध्ये ॲलेक बँगहॅम यांनी 1960 च्या दशकात मेदद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे लायपोसोम, अभ्यासल्या होत्या. अशा पिशवीत डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचे औषध भरून हृदयावरचा त्याचा मारा कमी करणारे डॉक्सिल 1995 मध्ये मंजूर झाले. सुमारे 100 नॅनोमीटरच्या (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पिशव्यांचे हे औषध पहिले मान्यताप्राप्त नॅनो औषध मानले जाते. त्याचा तुटवडा पडला तेव्हा, 2012 मध्ये, अमेरिकेने मुंबईत मुख्यालय असलेल्या सन फार्माचे लिपोडॉक्स तात्पुरते आयात करू दिले.

पॅक्लिटॅक्सेलसाठी अमेरिकेतले डॉक्टर-उद्योजक पॅट्रिक सून-शिओंग यांच्या कंपनीने निवडला तो रक्तातलाच अल्ब्युमिन. हे प्रथिन आणि औषध प्रचंड दाबाखाली एकत्र घुसळून सुमारे 130 नॅनोमीटरचे कण केले. तांबड्या पेशीच्या रुंदीत असे पन्नासेक कण ओळीने मावतील. क्रेमोफोर गेला, बहुतेकांना आधीच्या स्टेरॉइडची गरज उरली नाही, तीन तासांचे सलाईन अर्ध्या तासावर आले. मात्राही वाढवता आली: शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरला 175 ऐवजी 260 मिलिग्रॅम. पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या चाचणीत 33 टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, जुन्या औषधाने 19 टक्के. हातापायांच्या बधिरतेचा तीव्र त्रास मात्र वाढला. ॲब्रॅक्सेन या नावाने 2005 च्या जानेवारीत त्याला मान्यता मिळाली.

मग नेमाचे काय? जपानमध्ये हिरोशी माएदा आणि यासुहिरो मात्सुमुरा यांनी 1986 मध्ये मांडले होते की गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून मोठे रेणू तिथे झिरपून साठतात. उंदरांमध्ये हे छान दिसले आणि पुढे कित्येक प्रकल्प याच आधारावर उभे राहिले. 2016 मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा मध्यक 0.7 टक्के निघाला. बराचसा माल यकृत आणि प्लीहा अडवतात.

ॲब्रॅक्सेनचा पुढचा मोठा निकाल स्वादुपिंडाच्या कर्करोगात आला. जेमसिटाबिन या दुसऱ्या कर्करोगविरोधी औषधाच्या जोडीला दिल्यावर मध्यक आयुर्मान 6.7 महिन्यांवरून 8.5 महिन्यांवर गेले आणि 2013 मध्ये त्या वापरालाही मान्यता मिळाली. क्रेमोफोरमधले जुने पॅक्लिटॅक्सेल स्वस्त असल्याने आजही भरपूर वापरले जाते, आधीच्या स्टेरॉइडसकट.