दुरिताचा प्रश्न : ख्रिस्ती विचार

देव सर्वशक्तिमान आणि दयाळू असेल तर जगात दुष्टपणा आणि दुःख (म्हणजे दुरित) का, या प्रश्नाचा ख्रिस्ती धर्मविचारात झालेला ऊहापोह. प्रश्न ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्यूरस याच्या नावावर तो सांगितला जातो.

अभ्यासक दुरिताचे दोन भाग करतात : माणसाने केलेले आणि निसर्गातून आलेले. ही विभागणी कागदावर सोपी वाटते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. पाऊस निसर्गाचा होता, पण काम अपुरे असताना धरणात पाणी साठू दिले ते माणसांनी. बहुतेक मोठ्या आपत्ती अशाच मिश्र असतात.

संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांच्या मते दुरित ही स्वतंत्र वस्तू नाही, तो चांगल्याचा अभाव आहे. देवाने माणसाला इच्छास्वातंत्र्य दिले आणि माणसाने ते बिघडवले. अमेरिकन तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा यांनी १९७४ मध्ये याच स्वातंत्र्याच्या मुद्द्याला काटेकोर तार्किक रूप दिले. दुसरी परंपरा दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्मगुरू आयरेनियस यांच्याकडे जाते. माणूस अपूर्ण घडवला गेला आणि अडचणींतूनच तो परिपक्व होतो, असे ती मानते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन हिक यांनी १९६६ मध्ये ती नव्याने मांडली. दोन्ही युक्तिवाद प्रौढ माणसाच्या बाबतीत काही अंतरापर्यंत पटतात. प्लेगात गेलेल्या तान्ह्या मुलाविषयी मात्र दोन्हींकडे सांगण्यासारखे फारसे नाही.

पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, रोख वेगळा आहे. ईयोब या नीतिमान माणसावर संकटे कोसळतात, तेव्हा त्याचे मित्र त्याला बजावतात की तू पाप केले असशील, म्हणूनच ही वेळ आली. अखेरीस देव रागावतो तो मित्रांवर. पण ईयोबालाही कारण सांगत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय ९) शिष्य जन्मांधाकडे पाहून विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे तो स्पष्ट सांगतो. प्रारब्ध आणि पूर्वसंचिताची भाषा घरोघरी चालणाऱ्या समाजात हे उत्तर धक्कादायक ठरते. पुण्यात काही काळ काम केलेले, ख्रिस्ती झालेले पंडित नीळकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांनी १८६० च्या ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात हिंदू दर्शनांवर जी टीका केली, तिच्यात कर्मसिद्धान्तही होता. अर्थात ईयोबाचे मित्र चर्चमध्येही भेटतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून ‘विश्वास कमी पडला’ म्हणणारे त्याच कुळातले.

ख्रिस्ती उत्तराचा गाभा क्रूस आहे. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) अनेक चर्चमध्ये दुपारी बारा ते तीन उपासना चालते आणि येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर प्रवचने होतात. त्यांतला चौथा, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, हा बायबलमधील स्तोत्र २२ मधला आहे. म्हणजे दुःखाचा जाब देवाला खुद्द येशूच विचारतो. देव दुःख लांबून पाहत नाही, ते अंगावर घेतो, या कल्पनेला जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान यांनी १९७२ मध्ये टोकापर्यंत नेले.

पुणे परिसरात या प्रश्नाला ग्रंथांपेक्षा कामातून जास्त उत्तर मिळाले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली, पती १८८२ मध्ये पटकीने. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढच्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी त्यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे केले. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात मुलींना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी जाहीरपणे लिहिले आणि ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. दुःखाला देवाची इच्छा म्हणून गप्प बसणे त्यांना मान्य नव्हते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमाही त्यांच्याआधी गेली.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग दलित जातींतून आला, त्यामुळे ‘दुःख ही देवाने घेतलेली परीक्षा’ हे प्रवचन येथे संशयास्पद ठरू शकते. मराठी धर्मपंडित अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविद्येची पायाभरणी करताना क्रूसावरचा येशू हाच दलित आहे असे मांडले. जातीचे दुःख गूढ नाही, ते लादणारे ओळखता येतात. म्हणून या धारेत देवाआधी समाजाकडे जाब मागितला जातो.